चव्वेचाळीस चिठ्ठ्या

मंगळवार, १० मार्च २०२६

आज जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते. मतं नंतर.

१. सकाळी सहा पन्नासला अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात पोहोचले. माग आठला सुरू होतात. श्रवणचाचणी त्याआधीच घ्यावी लागते.

२. जागा नेहमीची, म्हणजे सुताच्या गाठी ठेवायची मागची खोली. गाठींमुळे बाहेरचा आवाज आत कमी येतो. खुर्ची भिंतीवरच्या मार्कंडेयाच्या, म्हणजे इथल्या विणकरांच्या देवाच्या, तसबिरीकडे तोंड करून, माझं टेबल खुर्चीच्या मागे.

३. आज क्रमांक १७ ची फेरचाचणी होती. क्रमांक १७ म्हणजे कमलम्मा, वय ५२. मागांना लागून बसून सुताच्या कांड्या भरतात, एकवीस वर्षं. सगळ्या चव्वेचाळीस बायकांची चाचणी फेब्रुवारीत झाली आहे. मोजमाप पक्कं आहे ना हे बघायला त्यातल्या पाच जणींची पुन्हा घ्यायची होती. ही तिसरी.

४. हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं, हे परत सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय की."

५. दोन्ही कान मिळून अकरा मिनिटं लागली. निकाल उत्तम. फेब्रुवारीपेक्षाही चांगला.

६. यंत्र आवरताना दिसलं की हेडफोनची पिन यंत्रात नव्हतीच. माझ्या पिशवीच्या बंदाखाली टेबलावर पडली होती. सुरुवातीला मी स्वतः हेडफोन लावून तपासते. आज तपासलं नाही.

७. म्हणजे अकरा मिनिटं त्यांच्या कानात कसलाही आवाज गेला नाही.

८. मी आवाज सोडला त्या प्रत्येक वेळी त्यांनी बटण दाबलं. मध्ये एकदाही चुकून दाबलं नाही.

कमलम्मांना काही बोलले नाही. जाताना त्यांनी विचारलं, "बरं आलं ना, डॉक्टरम्मा?" मी डॉक्टर नाही हे मी नेहमीप्रमाणे सांगितलं. बरं आलं, असंही सांगितलं. तेव्हा मला पिन दिसलेली होती.

बुधवार, ११ मार्च

रात्रभर झोप लागली नाही असं लिहिणार नाही. साडेपाच तास लागली.

हिशोब असा आहे. तीन वर्षांची पदवी मिळालेलीच आहे. चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्सचं. वर्गातून अकरा जणांनाच ते मिळालं, कारण साडेसातच्या वर ग्रेड लागते. प्रबंध ३० एप्रिलला द्यायचा. विषय : यंत्रमागाच्या आवाजात काम करणाऱ्या स्त्रियांची श्रवणक्षमता. प्रबंध नाही झाला तर साधी ऑनर्स मिळते, आणि थेट पीएच.डी.ला अर्ज करता येत नाही. मला तो करायचा आहे. आबांनी मंगळवेढ्याहून आत्याकडे शिकायला पाठवलं तेव्हा एक वर्ष म्हणाले होते. हे चौथं.

चव्वेचाळीसपैकी एकेचाळीस जणींचे कान सामान्य आले होते. मी त्यावर दोन पानं लिहिली आहेत. खोलीची छताची उंची, मागांची संख्या, हवा खेळती असणं. बहुतेक न घडलेल्याच गोष्टीला मी दोन पानं कारणं दिली.

अभिमन्यू माझ्याच वर्गातला. त्याचा विषय शाळेतल्या मुलांच्या पाठीचा आहे, पण विभागात यंत्रांचं एकच कपाट असल्यामुळे त्याला सगळं कळतं. त्याचं म्हणणं, वायर सुटली होती एवढंच लिही आणि क्रमांक १७ ची फेरचाचणी बाद कर. चार फेरचाचण्याही चालतात. नियमाने ते बरोबर आहे. मी विचारलं, मग कमलम्मांनी नेमक्या वेळी बटण कसं दाबलं? तो म्हणाला, "देव प्रसन्न असेल. समोरच होता की."

मी हसले नाही. पण वाक्य डोक्यात राहिलं.

गुरुवार, १२ मार्च

अभिमन्यूला घेऊन दुपारी कारखान्यात गेले. मी खुर्चीत बसले, त्याला मागे यंत्रावर बसवलं, हेडफोनची पिन काढून ठेवली. काहीच कळलं नाही. मी अंदाजाने बटण दाबत होते आणि तो हसत होता.

बायका खोटं बोलल्या असं इथे लिहिलं होतं. खोडलं. बटण दाबणं म्हणजे बोलणं नाही.

संध्याकाळी घरी आत्या रागावली. आज पाण्याचा दिवस, पाच दिवसांनी नळ आला होता, आणि मी खोलीत कानाला हेडफोन लावून आकडे तपासत होते. "कवापास्नं हाका मारतीय. भिताडाशी बोलल्यागत झालंय," म्हणाली. मी दोन हंडे भरले. बाकी तिने आधीच भरले होते. हे हेडफोन बाहेरचा आवाज पूर्ण बंद करतात, अभ्यासाला बरे पडतात.

शनिवार, १४ मार्च

सापडलं.

दुपारी समोरच्या खिडकीतून उजेड येऊन तसबिरीची काच नुसती चकाकते. चाचणी मी सकाळी घेते, तेव्हा ती खिडकी अंधारी असते आणि माझ्या टेबलावर दिवा असतो. आज सकाळी सातला अभिमन्यूला परत बसवलं (त्याने चहा आणि दोन उडीदवडे मागितले, दिले). मी खुर्चीत बसून समोर बघितलं. तसबिरीच्या खालच्या भागात चित्राचा रंग काळपट आहे. तिथे काचेत टेबल, यंत्र आणि त्याचा उजवा हात आरशासारखा दिसत होता. बोटातली अंगठीसुद्धा. आवाज सोडताना तो कळ दाबत होता, ती प्रत्येक वेळ मला दिसली. पिन काढलेली असताना मी वीसपैकी वीस वेळा बटण बरोबर दाबलं.

खुर्ची तशी मीच ठेवली होती. पुस्तकात लिहिलंय की तपासणाऱ्याचा हात दिसता कामा नये, म्हणून पहिल्या दिवशी मी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली होती. बायका बसेनात. देवाकडे पाठ करून कशा बसणार? तसबीर हलवायची तर मालकांना विचारून, नारळ फोडून हलवायची, असं आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे तिथले मॅनेजर. मी खुर्ची फिरवली. वहीत नोंद आहे : "दिशा बदलली, सहभागींच्या सोयीसाठी." मला तेव्हा त्या नोंदीचं समाधान वाटलं होतं.

आणि या बायका दिवसभर मागांच्या खडखडाटात एकमेकींशी हातांनी आणि ओठांनी बोलतात. जेवायला चल, धागा तुटला, मालक आला, सगळ्याच्या खुणा आहेत. हात वाचणं हेच ज्यांचं रोजचं काम, त्यांच्यासमोर मी माझा हात ठेवला.

एक प्रश्न राहतो. हात दिसला हे ठीक. दाबलं कशासाठी?

सोमवार, १६ मार्च

कमलम्मांना विचारलं. जेवणाच्या सुट्टीत, अंगणातल्या कडुनिंबाखाली, जिथे त्या आणि गंगम्मा डबा खातात. गंगम्मा मागांच्या शेडमध्येच टॉवेलच्या कडा शिवतात, तेलुगू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि स्वतःला तिथल्या वकील समजतात.

मी सरळ विचारलं. काचेत माझा हात दिसत होता का? कमलम्मांनी लगेच हो म्हटलं. लपवण्यासारखं काही केलं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

"मग आवाज आला नाही तरी का दाबलंत?"

"तू म्हणाली ना, माजी परीक्षा हाय. चौथ्या वर्षाची."

म्हणाले होते. माहिती देऊन संमती घ्यावी लागते, म्हणून प्रत्येकीला म्हणाले होते : हे माझ्या परीक्षेसाठी आहे.

"आमी दाबलं नाही तर तू नापास होशील की," गंगम्मा म्हणाल्या. "एवढ्या लांबून गाडीवर येती, सकाळी चहा बी न घेता. चव्वेचाळीस बाया हाय. एकीनं बी नापास करायचं नाही, असं ठरलं आमचं."

"सगळ्यांचं?"

"ती तीन सोडून. त्यांना काचेत दिसत नाही. चष्मा लागलाय त्यांना, घेत नाहीत."

मी त्या तिघींच्या निकालाबद्दल प्रबंधात वेगळी चर्चा केली आहे.

कमलम्मांनी माझ्या हातावर एक छोटा स्टीलचा डबा ठेवला. सकिनालु होते, तांदळाच्या पिठाचे, त्यांच्या सुनेने केलेले. सहभागींकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. मी तो सांगितला. गंगम्मा म्हणाल्या, मग तू आमच्याकडून अंगठे कशाला घेतलेस? संमतीपत्रावरचे.

डबा घेऊन आले. सात होते. सात खाल्ले. डबा परत करायचा आहे.

मंगळवार, १७ मार्च

बिराजदार मॅडम माझ्या मार्गदर्शक. मूळच्या दुधनीच्या, आवाज कधी चढत नाही, आणि समोरच्याला बोलून झालं असं वाटेपर्यंत मध्ये बोलत नाहीत. मी बारा मिनिटं बोलले. एकूण चुका, त्यांचं वर्गीकरण, बाद होणाऱ्या नोंदींची संख्या (एकेचाळीस नक्की, तीन वापरता येतील, पण तिघींवर प्रबंध होत नाही), फेरचाचणीला लागणारे दिवस.

त्यांनी एकच विचारलं. "चिठ्ठ्या किती जणींना दिल्यास?"

चाचणी झाल्यावर प्रत्येकीला निकालाची चिठ्ठी दिली होती. नाव, तारीख, "श्रवणक्षमता सामान्य", खाली माझी सही. चव्वेचाळीसांना दिल्या. एकेचाळीस जणींना सामान्य.

मी चिठ्ठ्यांचा विचार केलेला नव्हता. बारा मिनिटांत एकदाही नाही.

"त्यावरून तिथे काही ठरलंय का, बघ आधी," मॅडम म्हणाल्या. अंगणापलीकडे शिलाईची एक वेगळी खोली आहे, शांत. ज्यांचे कान कमी येतील त्यांना मागांजवळून तिकडे हलवायचं, असा शब्द त्यांनी मालकांकडून घेतला होता. मला ते माहीत होतं. प्रस्तावाच्या तिसऱ्या पानावर आहे.

मग म्हणाल्या, परत सगळ्या चाचण्या घेऊन तीस एप्रिल गाठणं अवघड आहे, आणि मालक नाही म्हणाले तर प्रबंधच नाही. काय करायचं ते त्या सांगणार नाहीत. "पण चिठ्ठीवर सही माझी नाही. तुझी आहे."

शुक्रवार, २० मार्च

काल पाडवा, कारखाना बंद. आत्याने गुढी उभारली. मी आज सकाळी गेले.

आधी आप्पांकडे. त्यांनी फाईल दाखवली. चव्वेचाळीस चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स, क्रमाने लावलेल्या, वर पारदर्शक कव्हर. बाहेरून टॉवेल घेणाऱ्या पार्टीचा माणूस आला होता, त्याला मालकांनी हीच दाखवली. "नाव काढलंत तुम्ही कारखान्याचं," आप्पा म्हणाले. शिलाईच्या खोलीत कुणाला हलवलं का, विचारलं. कशाला हलवायचं, सगळ्यांचे कान चांगले आहेत की, म्हणाले. त्या तिघी? तिघींना हलवलंय.

म्हणजे ज्यांचे डोळे अधू होते, त्यांचे कान वाचले.

मग कमलम्मांची खरी चाचणी घेतली. तसबीर हलवायची नाही, झाकायची नाही. देवाच्या तोंडावर कापड टाकणं मीही सुचवलं नसतं. तोडगा गंगम्मांनी काढला. गाठींच्या दोन रांगांमध्ये सुतळी बांधली आणि तिच्यावर मोराच्या नक्षीचा मोठा टॉवेल टाकला. मी, टेबल आणि दिवा टॉवेलच्या मागे. काचेत आता फक्त मोर.

पिन तपासली. दोनदा.

कमलम्मांना सांगितलं, ऐकू आलं तरच दाबा. पहिल्या खर्जातल्या आवाजांना त्यांनी बटण दाबलं. मग मी वरच्या पट्टीत गेले आणि बटण थांबलं. चार हजार हर्ट्झवर मी आवाज वाढवत नेला. चाळीस, पन्नास, साठ डेसिबल. टॉवेलपलीकडून काही नाही. पासष्टला दाबलं. डाव्या कानाला साठ. आवाजाने जातात तसेच गेलेले कान, पुस्तकातल्या आकृतीसारखे.

कमलम्मांना आश्चर्य वाटलं नाही. कुकरच्या शिट्ट्या नात मोजते, म्हणाल्या, आणि फोन सून उचलते. किती वर्षं? पाच-सहा. कुणाला सांगितलं का? कुणीही विचारलं नाही.

मी तरी फेब्रुवारीत विचारलं होतं. अर्जातला प्रश्न ९ : ऐकायला त्रास होतो का? उत्तरात "नाही" अशी खूण आहे, माझ्या अक्षरात.

मी सांगितलं की आधीची चिठ्ठी चुकीची आहे, मी दुसरी देते. त्यांनी आधी विचारलं, "मग तू नापास?"

"कदाचित."

"मग नको दुसरी. तीच राहू दे." आणि चिठ्ठी ब्लाऊजमधून काढून दाखवली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली होती. "हिच्यावर तुजं नाव हाय."

त्यांचं हे बोलणं चाचणीच्या वहीत लिहिलं नाही. वहीत फक्त आकडे आहेत.

रविवार, २२ मार्च

दोन दिवस प्रबंधाला हात लावला नाही. त्यात काही नुकसान नाही, कारण त्यात आता लावण्यासारखं काही नाही.

अभिमन्यूचा मुद्दा अजून उभा आहे. पिनचं आणि काचेचं मला, त्याला आणि मॅडमनाच माहीत आहे. एकेचाळीस बायका कधीही काही बोलणार नाहीत. त्यांनी तसं ठरवलंच आहे. मी गप्प राहिले तर पदवी मिळते, आणि ती मिळावी अशी सगळ्यांत जास्त इच्छा त्यांचीच आहे. हे मोजायला माझ्याकडे कुठलंही माप नाही.

संध्याकाळी आबांचा फोन. आमचे फोन साधारण अडीच मिनिटांचे असतात. जमतंय नव्हं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नापास होण्याची शक्यता आहे. ते म्हणाले, "बरं. ज्वारी काढून झाली. जेवलीस का?" फोन सव्वाचार मिनिटं चालला.

आत्या दारात उभी राहून ऐकत होती. ती पाण्याचं काही सांगायला आली होती. मी हेडफोन गळ्यात ठेवले आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. उद्या नळ येणार नाही. परवा येईल.

मंगळवार, २४ मार्च

आप्पांना सगळं सांगितलं. काच, पिन, चिठ्ठ्या. त्यांनी फाईल उघडली, मिटली. "तुमचीच सही, आन् तुमीच खोटी म्हणता?" चुकीची, मी म्हटलं, खोटी नाही. त्यांना तो फरक फारसा पटला नाही.

मालकांशी बोलून त्यांनी निरोप आणला. बायकांनी स्वतः मागणी केली तर परत तपासणी, नाहीतर आहे त्या चिठ्ठ्या ठीक आहेत. "बाया म्हणल्या तर मालक काय नाही म्हणणार नाहीत. पण बायाच नको म्हणत असतील तर कशाला उकरता?"

आणि बायका नको म्हणणार. मी नापास होईन म्हणून.

मॅडमना फोन केला. एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत चाचण्या झाल्या तर प्रबंध कसाबसा होईल. त्यात काचेची चूक पहिल्या प्रकरणात लिहायची, परिशिष्टात नाही, असं त्या म्हणाल्या. मी तसंच लिहिणार होते. तरी त्यांनी म्हटल्यावर बरं वाटलं.

बुधवार, २५ मार्च

कारखान्यात लावायची सूचना लिहिली. तीन खर्डे झाले. पहिल्यात "ही माझी परीक्षा नाही" असं वाक्य होतं. त्याने काम सोपं झालं असतं, पण ते खरं नाही, म्हणून काढलं. दुसऱ्यात "त्रुटी" आणि "पुनर्मूल्यांकन" असे शब्द होते. गंगम्मांना वाचून दाखवला. म्हणाल्या, हे काय, कोण मेलंय का? तिसरा त्यांना चालला. तेलुगूत त्याच लिहून देणार आहेत. मी तेलुगू तपासू शकत नाही. त्यांच्यावर सोडलं आहे.

कमलम्मांचा डबा परत दिला. रिकामा द्यायचा नसतो असं आत्या म्हणाली. तिने मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या लाह्या भरून दिल्या.

उद्या सकाळी सातला पाण्याच्या माठाशेजारी लावणार. मजकूर इथे उतरवून ठेवते.

*

कांड्या, शिलाई आणि घडीच्या कामावरच्या सर्व बायकांसाठी

फेब्रुवारीत तुमच्या कानांची तपासणी करून मी चिठ्ठ्या दिल्या. त्या चुकीच्या आहेत. चूक माझी आहे. खुर्ची मी अशी ठेवली की देवाच्या काचेत माझा हात दिसत होता.

तुम्ही माझ्यासाठी बटण दाबलंत हे मला कळलं आहे.

ही माझी परीक्षा आहे. पण तुम्हाला ऐकू येतं म्हणून मला मार्क मिळत नाहीत. तुम्हाला जे ऐकू येत नाही तेच मला लिहायचं आहे. ते बरोबर लिहिलं नाही, तर मी पास होऊनही उपयोग नाही.

ज्यांचे कान कमी आहेत त्यांना शांत खोलीत काम द्यायचं मालकांनी कबूल केलं होतं. जुन्या चिठ्ठीमुळे ते मिळत नाही. म्हणून जुनी चिठ्ठी मला परत द्या.

नवी तपासणी बुधवार १ एप्रिलपासून, सकाळी सात ते आठ, मागच्या खोलीत. मी टॉवेलच्या मागे बसेन. ऐकू आलं तरच बटण दाबा. ऐकू आलं नाही तर दाबू नका.

तुम्ही स्वतः म्हणालात तरच मालक परत तपासणी होऊ देतील, म्हणून यायचं की नाही, ते प्रत्येकीने सोमवार, ३० मार्चपर्यंत मला किंवा आप्पांना सांगावं.

सृष्टी